‘डोळे झाकून स्टार अलायन्स घ्या’ या मेसेजला मुद्द्यांनी उत्तर

ठाणे, वाशी, खारघरकडच्या सोसायट्यांच्या आणि रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: बिझनेस क्लासने पृथ्वीप्रदक्षिणा करायची असेल तर डोळे झाकून स्टार अलायन्सचं (हा एकमेकांची तिकिटं चालवणाऱ्या एअरलाइन्सचा एक गट) राउंड द वर्ल्ड तिकीट घ्या, कारण सगळ्यात जास्त एअरलाइन्स त्यांच्याकडे आहेत, आपली एअर इंडिया त्यातच आहे, तिकीट मुंबईहून घ्या नाहीतर दुसरीकडून, भाव तोच, एकदा काढलं की वर्षभर कुठेही कितीही उडा, सगळीकडे आडवं झोपून प्रवास, तारीख आणि रूट फुकटात बदला, आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स असतील तर पैसेसुद्धा लागत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण हे तिकीट लाखांत जातं, आमच्याकडे कितीतरी जण रिटायरमेंटच्या पैशातून आयुष्यात एकदाच असा प्रवास ठरवतात, आणि हा मेसेज वाचून कोणी थेट पैसे भरले तर ते परत मिळणं कठीण आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, जास्त एअरलाइन्स म्हणजे चांगलं तिकीट.

स्टार सगळ्यात मोठी आहे हे खरंच आहे, १९९७ साली पाच कंपन्यांनी सुरू केली आणि आज पंचवीसच्या आसपास सदस्य आहेत. तशीच दुसरी अलायन्स वनवर्ल्ड, १९९९ ची, सदस्य कमी. पण तुम्ही त्या सगळ्या पंचवीस एअरलाइन्समध्ये बसणार आहात का? जास्तीत जास्त सहा-सात कंपन्यांशी तुमचा संबंध येतो, मग बाकीच्या असल्या काय नसल्या काय. खरा फरक आहे भाडं मोजायच्या पद्धतीत, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये एका ओळीतही नाहीये.

स्टारचं तिकीट मैलांवर चालतं. २९ हजार, ३४ हजार, ३९ हजार असे टप्पे आहेत, तुमच्या सगळ्या रूटचे मैल जोडायचे आणि ज्या टप्प्यात बसतील त्याचं भाडं. वनवर्ल्डचं जे प्रसिद्ध तिकीट आहे, वनवर्ल्ड एक्सप्लोरर, ते खंडांवर चालतं. तीन खंड, चार, पाच, सहा असे भाव, मैल कितीही होऊ देत, फक्त एकूण सेगमेंट (एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंतचा एकेक तुकडा) १६ च्या आत आणि एका खंडात चार, उत्तर अमेरिकेत सहा. (वनवर्ल्डकडे मैलांवरचं दुसरं तिकीटही आहे, ग्लोबल एक्सप्लोरर, पण लोक बोलतात ते बहुतेक पहिल्याबद्दल.)

आता दोन रूट घेऊन बघू, म्हणजे कळेल. आपल्याकडे नेहमीचा रूट म्हणजे मुलगा सिडनीला, मुलगी न्यू जर्सीला, कोणीतरी नातेवाईक जर्मनीत. मुंबई, सिंगापूर, सिडनी, ऑकलंड, सॅन फ्रान्सिस्को, न्यूअर्क, फ्रँकफर्ट, परत मुंबई. हे साधारण पावणेपंचवीस हजार मैल होतात, २९ हजाराच्या टप्प्यात आरामात बसतं आणि वर चार हजार मैल शिल्लक. हाच प्रवास वनवर्ल्डवर केला तर आशिया, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, युरोप, म्हणजे चार खंडांचा भाव. इथे स्टार घ्यावी असं मीही सांगेन.

दुसरा रूट बघा. एखाद्या जोडप्याला ऑस्ट्रेलियात रस नाही, पण मुंबईहून हाँगकाँग, मग क्वालालंपूर, मग टोकियो, तिथून सिएटल, वर अलास्काला अँकरेज, परत सिएटल, न्यूयॉर्क, मायामी, माद्रिद, हेलसिंकी, लंडन आणि मुंबई असं मनसोक्त वेडंवाकडं फिरायचंय. मैल मोजले तर तीस हजाराच्या वर जातात, म्हणजे मैलांच्या हिशोबात सरळ ३४ हजाराचा टप्पा. खंडांच्या हिशोबात मात्र हे फक्त तीन खंड, सगळ्यात खालचा भाव, आणि बारा सेगमेंट, अजून चार हातात. अलास्काला जाऊन यायचे तीन हजार मैल तिथे मोजलेच जात नाहीत. एकच सांभाळायचं की ज्या खंडातून निघालात तिथे दोनच मुक्काम मिळतात, त्यामुळे हाँगकाँगला किंवा क्वालालंपूरला फक्त विमान बदलायचं, २४ तासांच्या आत.

म्हणजे थोडे खंड आणि प्रत्येक खंडात भरपूर भटकंती असेल तर खंडांचं तिकीट, आणि खूप खंड पण सरळ रेघेत असतील तर मैलांचं. नकाशा काढल्याशिवाय अलायन्स सांगताच येत नाही. डॉक्टरने पेशंटला न बघता गोळी लिहून द्यावी तसं झालं हे.

अजून एक बारीक गोष्ट जी आपल्या लोकांच्या उपयोगाची आहे: वनवर्ल्डच्या खंडांत भारत आशियात येतो पण दोहा युरोपात धरतात. त्यामुळे मुंबई, दोहा, लंडन असं गेलात तर वेगळा खंड लागत नाही, आणि कतार एअरवेजचं विमान मिळतं. उलट दक्षिण अमेरिका मनात असेल तर २०२० मध्ये तिकडची मोठी एअरलाइन लाताम वनवर्ल्डमधून बाहेर पडली, तेव्हापासून तिकडे वनवर्ल्डचं अंतर्गत जाळं खूप पातळ झालंय, स्टारकडे बोगोटाची एव्हियांका आणि पनामाची कोपा आहे. पण सिडनीहून थेट सँटियागोला क्वांटास जाते, सात हजार मैलांचं एक उड्डाण, ते वनवर्ल्डचं. प्रत्येक ठिकाणी हा असा हिशोब आहे.

दुसरा, एअर इंडिया आपली म्हणून स्टार.

एअर इंडिया २०१४ मध्ये स्टारमध्ये गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली, हे सगळं बरोबर. पण पृथ्वीप्रदक्षिणेत एअर इंडिया कुठे येणार? निघताना एक आणि येताना एक, फार तर. मधला सगळा प्रवास दुसऱ्यांच्या विमानात. दोन सेगमेंटसाठी बारा सेगमेंटचा निर्णय करायचा का? आणि मुंबईहून सिंगापूर, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश या स्टारवाल्या जातात तशा कतार, ब्रिटिश एअरवेज, कॅथे या वनवर्ल्डवाल्याही जातात, कोणी अडून राहत नाही. हां, एमिरेट्स, एतिहाद, इंडिगो यांची सवय असलेल्यांनी लक्षात घ्या, या तिघी स्टार, वनवर्ल्ड आणि स्कायटीम या तिन्ही मोठ्या अलायन्समध्ये कुठेच नाहीत, त्यांचं विमान अशा तिकिटात बसवता येत नाही.

नवी मुंबईकरांकडून यातच एक प्रश्न येतो की आता आपलं विमानतळ झालं, तिथून निघता येईल का. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. पण नियम असा आहे की प्रवास ज्या देशातून सुरू केला त्याच देशात संपवायचा, शहर तेच पाहिजे असं नाही. त्यामुळे सहारहून (मुंबईच्या जुन्या विमानतळावरून) निघून शेवट दिल्लीला करून तिथून नवी मुंबईचं साधं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलंत तरी चालतं. बेलापूर, पनवेलवाल्यांना हे खरंच सोयीचं पडू शकतं.

तिसरा, कुठूनही घ्या भाव तोच.

हे साफ चुकीचं आहे. या तिकिटाचा भाव कुठल्या देशातून प्रवास सुरू होतो त्यावर ठरतो, तोच रूट, तीच विमानं, तरी दुसऱ्या देशातून सुरू केला तर आकडा बदलतो, कधीकधी बराच. म्हणून मुरलेले प्रवासी आधी दोन-तीन देशांचे कोट, म्हणजे भाव, काढतात. आपल्याला जवळचं म्हणजे कोलंबो, तिथे श्रीलंकन वनवर्ल्डची आहे, तिथला कोट काढून बघायला काहीच खर्च नाही. भारतातून काढताना हेही धरा की २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवर जीएसटी १२ चा १८ टक्के झाला, इकॉनॉमीला ५ च आहे. पण कोलंबोहून स्वस्त दिसलं म्हणून लगेच उडी मारू नका, कारण मुंबई-कोलंबो हे वेगळं तिकीट होतं, ते विमान लेट झालं आणि पुढचं पहिलं विमान चुकलं तर पुढचं अख्खं तिकीट रद्द होऊ शकतं आणि त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. एक दिवस आधी जाऊन राहायचं, हॉटेलचा खर्च धरायचा, आणि मग बघायचं फरक उरतो का.

टॅक्सचंही तसंच. जाहिरातीतला किंवा कोटातला मूळ भाव वेगळा आणि त्यावर प्रत्येक विमानतळाचे टॅक्स, एअरलाइनचे सरचार्ज वेगळे. सगळ्यात टोचतो तो लंडनचा. ब्रिटनमधून लांबच्या विमानाने बिझनेस क्लासमध्ये निघालात तर माणशी २०० पाउंडांच्या वर पॅसेंजर ड्यूटी लागते. २४ तासांच्या आत विमान बदलून पुढे गेलात तर लागत नाही. म्हणून लंडन बघायचंच असेल तर तिथे उतरा, राहा, आणि युरोस्टार रेल्वेने पॅरिसला जाऊन तिथून पुढचं विमान धरा. मात्र हा जमिनीवरचा तुकडा तिकिटात मोजला जातो, स्टारमध्ये मैल म्हणून आणि वनवर्ल्डमध्ये सेगमेंट म्हणून.

चौथा, वर्षभर कुठेही कितीही उडा.

नाही हो. मुदत वर्षभराची आहे, पण अटलांटिक एकदाच आणि पॅसिफिक एकदाच ओलांडायचा, पूर्वेकडे निघालात तर पूर्वेकडेच पुढे जायचं, खंडाच्या आत मागेपुढे करता येतं पण खंड सोडून परत उलटं येता येत नाही. मध्येच लग्नाला म्हणून न्यू जर्सीहून ठाण्याला येऊन परत गेलात तर ते या तिकिटावर होत नाही. आणि सेगमेंट क्रमानेच वापरावे लागतात, एखादा न सांगता सोडला तर पुढचे सगळे रद्द होतात.

पाचवा, सगळीकडे झोपून प्रवास.

ज्यांना गुडघ्याचा, कमरेचा त्रास आहे ते नेमके याच भरवशावर पैसे खर्च करतात, म्हणून हे नीट वाचा. युरोपातल्या युरोपात लुफ्तान्सा असो की ब्रिटिश एअरवेज, बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचीच सीट, मधली रिकामी ठेवलेली, जेवण आणि लाउंज चांगलं. अमेरिकेत देशांतर्गत बऱ्याच विमानांत रुंद सीट मिळते, पण ती आडवी होत नाही. लांबच्या विमानातही एकाच कंपनीत फरक असतो: कतारची दरवाजावाली क्यूसूट २०१७ पासून आहे पण सगळ्या विमानांत नाही, लुफ्तान्साची नवी अलेग्रिस २०२४ पासून यायला लागली आणि जुन्या सीट अजून उडतायत, एअर इंडियाचं ए३५० आणि जुनं ७७७ यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे एअरलाइनचं नाव बघून खूश होऊ नका, त्या फ्लाइटला कुठलं विमान लावलंय ते बघा आणि सीट मॅप बघा.

आणि याहून महत्त्वाचं, ते म्हणजे बुकिंग क्लास. बिझनेसच्या सीटचेही आतून वेगवेगळे भाव असतात, त्यांना अक्षरं असतात, आणि वनवर्ल्ड एक्सप्लोररचा बिझनेस ‘डी’ क्लासमध्ये बुक होतो. बिझनेसच्या वीस सीट रिकाम्या दिसत असल्या तरी त्या दिवशी ‘डी’ उघडा नसेल तर तुम्हाला ती सीट मिळत नाही. मग एकतर तारीख हलवायची नाहीतर तेवढा सेगमेंट इकॉनॉमीत बसायचं, आणि फरकाचे पैसे परत मिळत नाहीत. सिडनी ते अमेरिका किंवा युरोपातून मुंबईला डिसेंबरात येणारी विमानं, या ठिकाणी हे हमखास होतं. म्हणून पॅसिफिक आणि अटलांटिक ही दोन मोठी उड्डाणं आधी पक्की करा आणि बाकीचं त्यांच्याभोवती रचा.

सहावा, तारीख-रूट फुकट बदला. तारीख बदलायला साधारण फी नसते, तीही सीट उपलब्ध असेल तर, वरचा ‘डी’चा मुद्दा इथेही लागू. रूट बदलला, शहर बदललं, तर फी लागते आणि टॅक्स पुन्हा मोजतात. मैलांचा टप्पा ओलांडला किंवा खंड वाढला तर भाड्यातला फरकही भरावा लागतो.

सातवा, पॉइंट्स असतील तर पैसे लागत नाहीत. जपानच्या ए.एन.ए. एअरलाइनचं माइल्सवरचं (म्हणजे साठवलेल्या पॉइंट्सवरचं) राउंड द वर्ल्ड तिकीट वर्षानुवर्षं लोक सुचवायचे, ते २०२५ मध्ये बंद झालं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या पॉइंट्सच्या योजनेसारखे पर्याय आहेत, पण टॅक्स आणि सरचार्ज तिथेही खिशातूनच जातात. आणि एक दिलासा, कारण याबद्दल लोक उगाच घाबरलेले असतात: नुसतं आंतरराष्ट्रीय तिकीट घेतलं तर ते ओव्हरसीज टूर पॅकेज धरलं जात नाही, त्यामुळे त्यावर पॅकेजचा टीसीएस (विकणाऱ्याने बिलातच वसूल करायचा आगाऊ आयकर) लागत नाही. एजंटने हॉटेल वगैरे जोडून एकत्र बिल केलं तर लागतो, तेव्हा बिल वेगवेगळं मागा.

मेसेजमध्ये व्हिसाचा उल्लेखच नाही, आणि भारतीय पासपोर्टवर रूट खरं म्हणजे तिथेच ठरतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तिथे बाहेर न पडता ट्रान्झिट असा प्रकारच नाही. दोन्ही अलायन्सची पॅसिफिक ओलांडणारी बहुतेक विमानं अमेरिकेतच उतरतात. ज्यांच्याकडे तो व्हिसा नाहीये त्यांनी अलायन्सचा विचार करायच्याही आधी इंटरव्ह्यूची तारीख कधीची मिळतेय ते बघावं, आणि पासपोर्टवर शिक्का आल्यावरच पैसे भरावेत.