चित्र लहान, फाइल मोठी

सगळं जग चित्र अधिकाधिक स्पष्ट करण्याच्या मागे लागलेलं असताना, चांगलं खणखणीत चित्र मोजूनमापून धूसर करून द्यायचं काम माझ्या वाट्याला आलं. काम मामांचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या नातवाच्या शाळेच्या संमेलनाचं चित्रीकरण लिंकवर आलं होतं. फुल एचडी, दोन तास दहा मिनिटं. मामांना ते टीव्हीवर बघायचं होतं आणि त्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे.

"अगं, त्यात काय! सीडीवर टाकून दे की." चकचकीत, गोल आणि मधे भोक असलेली प्रत्येक वस्तू मामांच्या लेखी सीडी असते.

"पेन ड्राइव्हवर देते ना."

"आमच्या प्लेअरला तसली खाच नाही."

बरं, आहे तीच फाइल तबकडीवर उतरवून द्यावी, तर प्लेअर तिला ओळखच दाखवत नाही. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली, ती चित्र साठवायची एमपेग-२ ही भाषा पक्की शिकून. आपण उतरवतो त्या फायली बहुतेक एच.२६४ मध्ये असतात आणि ते प्रमाण २००३ चं. आपल्या मागून जन्मलेल्या भाषेचं व्याकरण मामांच्या प्लेअरने का म्हणून शिकावं? तो आणि मामा एकाच स्वभावाचे आहेत.

म्हणजे रूपांतर आलं. त्यासाठीची फुकट म्हणवणारी सॉफ्टवेअरं ढिगाने मिळतात. यातलं एक अर्ध्या वाटेवर थांबून पैसे मागतं. दुसरं पैसे मागत नाही, पण आपलं नाव पडद्याच्या बरोब्बर मधोमध छापतं, तेही नातवाच्या तोंडावर. शेवटी मी एफएफएमपेगला शरण गेले. त्यात खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची. 'टार्गेट पाल-डीव्हीडी' म्हटलं की (पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीचं जुनं प्रमाण) चित्राचा आकार, वेग, आवाज सगळं तो आपणहून नियमात बसवतो. फक्त सेकंदाला ६००० किलोबिट, म्हणजे सहा मेगाबिट, हा त्याचा ठरलेला हिशेब सढळ हाताचा आहे. आवाज धरून आमचं संमेलन सव्वासहा जीबीवर गेलं असतं, आणि साध्या तबकडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. तेही नुसतं लिहिलेलं, कारण संगणकात घातल्यावर तीच तबकडी ४.३८ दाखवते. मोजायची पद्धत वेगळी आहे, कुणी काही चोरलेलं नाही. पण पहिल्यांदा बघताना संशय येतोच.

तबकडीतल्या जागेला संमेलनाच्या सेकंदांनी भागून सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास आकडा काढला आणि तिथे मला या सगळ्या उद्योगातली खरी गंमत कळली. मूळ चित्र १९२० बाय १०८०, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट फरक आहे. दर पाच ठिपक्यांतले चार टाकून द्यायचे. एवढा त्याग केल्यावर फाइल हलकी व्हावी की नाही? मूळ फाइल अडीच जीबीची होती, नवी चारच्या वर गेली. एमपेग-२ ला तेवढ्याच कामाला जास्त जागा लागते, जुन्या वळणाचा कारभार. म्हणजे रात्रभर मशीन तापवून मी चित्र एक पंचमांश केलं आणि फाइल जवळजवळ दुप्पट.

वेगाचंही तसंच. चित्रीकरण सेकंदाला तीस फ्रेमचं, पाल डीव्हीडी पंचवीसच्या वर एक चित्र घेत नाही. दर सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या जातात. भाषणात हे कळत नाही, मुख्याध्यापकांच्या भाषणातून तर मिनिटाला पाच वाक्यं गाळली असती तरी कळलं नसतं. नाचात मात्र कळतं. नातू गिरकी घेतो, हात खांद्यापाशी दिसतो आणि एकदम डोक्यावर. मधला प्रवास गायब.

शिवाय डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. चित्र दाबून साठवायचं आणि 'हे सोळा-नऊ आहे, ताणून दाखव' अशी खूण फायलीत ठेवायची. ती खूण हरवली की व्यासपीठावरची सगळी मंडळी उंच आणि शिडशिडीत दिसतात. पाहुण्यांनी तक्रार केली नसती, पण मामांनी केली असती.

मग दोन फेऱ्यांचं रूपांतर. हुशार विद्यार्थी आधी प्रश्नपत्रिका वाचून कुठे किती लिहायचं ते ठरवतो, तसा संगणक पहिल्या फेरीत नुसतं बघतो आणि दुसरीत लिहितो. नाचाला जास्त बिट, बक्षीस समारंभाला कमी. त्याची पारख माझ्याशी तंतोतंत जुळली. पंख्याचा आवाज घरभर घुमत होता आणि उरलेल्या वेळेचा आकडा मधूनमधून वाढत होता. वेळ पुढे जात असताना उरलेला वेळ वाढावा, हे मी आजवर फक्त सभांमध्ये पाहिलं होतं.

शेवटी व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर तयार झालं. त्यात एक जीबीला एक असे कापलेले व्हीओबी तुकडे, त्यांची माहिती सांगणाऱ्या आयएफओ फायली आणि त्या आयएफओ खराब झाल्या तर म्हणून त्यांच्याच नकला असलेल्या बीयूपी. शेजारी ऑडिओ_टीएस, जे रिकामं असतं. आवाज त्यात नसतोच, तो चित्राबरोबर व्हीओबीत असतो. तरी ते ठेवायचं, कारण काही जुने प्लेअर ते दिसलं नाही तर रुसतात. रिकाम्या खुर्चीचा असा मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तबकडी सावकाश वेगाने लिहिली, फायनलाइज केली, म्हणजे लिहिणं संपल्याची मोहोर मारली, आणि मामांकडे नेली. ट्रे बाहेर आला, आत गेला. घरघर. 'डिस्क वाचता येत नाही.' मामांनी तबकडी काढली, सदऱ्याच्या टोकाने मधून कडेकडे पुसली, प्लेअरच्या डोक्यावर एक थाप मारली आणि परत घातली. चालू. एफएफएमपेगच्या मदतपानांत या थापेचा उल्लेख नाही.

मामांनी अख्खं संमेलन पाहिलं, भाषणांसकट. "किती स्वच्छ आलंय गं! मोबाइलवर एवढं स्पष्ट दिसत नव्हतं." त्या चार पंचमांश ठिपक्यांबद्दल मी तोंड उघडलं नाही.

"फक्त नाचाच्या वेळी पुढच्या रांगेतलं ते टक्कल मधे येतंय," मामा म्हणाले, "तेवढं पुसून दुसरी सीडी दे. घाई नाही, संध्याकाळपर्यंत चालेल."