आदिवासी का मरतात, हे समजावून सांगण्याची सोपी पद्धत

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन झाला. आश्रमशाळेच्या शिक्षकांना हजेरी सक्तीची होती, म्हणून तालुक्याच्या सभागृहात मागच्या रांगेत, बंद पंख्याखाली बसून मी पाहुण्यांचं भाषण ऐकलं. विषय होता ‘आदिवासी आरोग्य : समस्या व उपाय’. पाऊण तास. त्या पाऊण तासात जे शिकलो ते एकट्यापाशी ठेवणं बरं नव्हे. ९ ऑगस्ट जवळ आला की वक्त्यांची टंचाई असते, उद्या तुम्हालाही बोलावणं येईल. तेव्हा टिपून ठेवा.

आधी मोरपिसांचा फेटा बांधून घ्या. रेला नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत दोन पावलं टाका, फोटोग्राफर ‘झालं’ म्हणेपर्यंत. पोरी सकाळी सातपासून उपाशी उभ्या आहेत हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

‘बांधव’ म्हणा. प्रत्येक वाक्यात.

आकडे द्यायचेच तर सरासरीत द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ : हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं देशात ४१.९, आपल्या महाराष्ट्रात २८. इथं थांबा, टाळ्या पडतात. त्याच सर्वेक्षणात देशभरच्या अनुसूचित जमातींचा आकडा ५०.३ आहे, त्या ओळीवर नजर जाऊ देऊ नका. सरासरी फार मायाळू असते. पुण्यातलं गुटगुटीत बाळ आणि गडचिरोलीच्या भामरागडातलं दीड किलोचं बाळ एकाच पारड्यात बसवलं की दोघंही ठीकठाक निघतात.

इमारती मोजा, माणसं मोजू नका. आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, इतरत्र ३०,००० मागे. म्हणजे नियमानं आम्हाला झुकतं माप आहे. दाराला कुलूप असेल तर तो नियमाचा दोष नाही.

आता मुख्य मंत्र : अंधश्रद्धा. आदिवासी मरतो कारण तो दवाखान्यात येत नाही, पुजाऱ्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जातो. हे वाक्य मिठासारखं आहे, कशातही घाला. बाळ दगावलं? अंधश्रद्धा. बाळंतीण वाटेत गेली? अंधश्रद्धा. पूल वाहून गेला? तोही बहुधा अंधश्रद्धेनंच. फक्त एक काळजी घ्या, श्रोत्यांत गडचिरोलीचा जाणकार नसावा. असला तर तो डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम काढून बसेल. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते : याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, त्या घरोघर जाऊन तान्ह्या बाळांना तपासू लागल्या, गरज पडली तर इंजेक्शन देऊ लागल्या, आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. गावं तीच, देव तेच, पुजारी तेच. बदललं एवढंच की दाराशी कोणीतरी येऊ लागलं. असा माणूस उठलाच तर वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करा. आमच्याकडे झाली.

पुढचा मुद्दा पाहुण्यांनी हसत हसत मांडला : ‘आदिवासी बांधव मूळचे काटक. तुमच्या-आमच्यासारखं त्यांना जरा खुपलं की लगेच गोळी लागत नाही.’ सभागृहात हशा पिकला. हे वाक्य पाठच करा, फार उपयोगी आहे. कसं उपयोगी, ते सांगतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, झड लागलेली असताना, रात्री दोनला अधीक्षिकाबाईंनी मला उठवलं. आठवीतली एक मुलगी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण, नुसती वाहक नव्हे. कार्ड आहे, शाळेत नोंद आहे. पाय, कंबर, छाती, सगळीकडून कळा. पावसात, गारठ्यात हे होतं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि पुढं रक्त जात नाही. डॉक्टर सांगतात की ही वेदना माणसाला होणाऱ्या सगळ्यांत वाईट वेदनांपैकी आहे. पहाटे तिचा बाप गावाहून चालत आला. मोटरसायकलवर मी, मागं ती, तिला धरून तो. आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी. सिस्टर होत्या, त्यांनी इंजेक्शन दिलं, अंगावर स्वतःची शाल टाकली आणि १०८ ला फोन लावला. (त्या शालीबद्दल त्यांना कोणी पुरस्कार देणार नाही.) अडीच तासांनी गाडी आली. मोठ्या दवाखान्यात पोचलो. नाव लिहीत नाही, तुमच्या तालुक्यातलंच समजा.

डॉक्टर तरुण होते. ‘कुठं दुखतं?’ ती म्हणाली, सगळीकडं. ‘सगळीकडं कसं दुखेल?’ मी कार्ड पुढं केलं. ते त्यांनी उलटंच ठेवलं आणि तिच्या मनगटावरचा काळा दोरा धरून बापाला विचारलं, ‘काय रे, आधी पुजाऱ्याकडं नेलं ना?’

‘नाही जी डॉक्टरसाहेब, सीधा इकडंच आणलं.’

‘खोटं बोलू नको.’

बाप माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. डॉक्टरांच्या मनगटावरही दोरा होता, लाल. तो श्रद्धेचा असणार.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, एवढं दुखत असतं तर रडली असती. या मुली शाळा बुडवायला नाटकं करतात.’ ती रडत नव्हती, कारण रात्रभर रडून झालं होतं. रडली असती तर तेही नाटकच ठरलं असतं. म्हणजे आमच्या पोरींनी नेमकं किती रडावं? लिटरमध्ये सांगा. आम्ही प्रार्थनेनंतर रोज सराव घेऊ. पॅरासिटामॉलची एक गोळी मिळाली, एक सलाईन मिळालं आणि संध्याकाळी रेफरची चिठ्ठी. चिठ्ठी लिहायला चाळीस सेकंद लागतात, मी घड्याळ पाहिलं. तिच्यावर लिहिलं होतं ‘नातेवाइकांच्या विनंतीवरून’. कसली विनंती? बाप मराठी ओढूनताणून बोलतो, त्याच्या घरात गोंडी. त्याला कागदावर काय लिहिलंय हे कोणी सांगितलं नाही, फक्त अंगठा कुठं करायचा ते दाखवलं. तो सही करतो. त्यानं सही केली तेव्हा डॉक्टरांना जरा आश्चर्यच वाटलं.

जिल्ह्याला रात्री पोचलो. तिथं ऑक्सिजन लागला, नीट वेदनाशामक मिळालं, रक्त चढवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर छातीत उतरलं असतं. नऊ दिवस राहिली. आता शाळेत आहे.

हा काटकपणाचा शोध आपला एकट्याचा नाही, हेही भाषणात सांगा, जरा आंतरराष्ट्रीय उंची येते. या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद शिकागोत १९१० साली डॉ. हेरिक यांनी केली. रुग्ण ग्रेनाडाहून आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याला शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथले काळे रुग्ण कळा घेऊन रात्री दवाखान्यात गेले की हे नशेच्या औषधासाठी आलेत असा संशय घेतला जातो, ही तक्रार आहेच. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांचा एखाद्या तरी खुळचट समजावर विश्वास निघाला, काळ्यांची कातडी जाड असते वगैरे. तिथं कातडी जाड, इथं काटक. वेदना ज्याची, त्याचा शब्द खरा धरायचा नाही, एवढं जमलं की कुठल्याही देशात काम भागतं.

मोहिमेचा उल्लेख हवाच. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला, राष्ट्रीय निर्मूलन मोहीम २०२३ च्या जुलैत सुरू झाली. घाई कशाला? उद्दिष्ट २०४७ आहे.

सिकलसेलच्या रुग्णांना असलेल्या एसटीच्या सवलतीबद्दलही बोला. आमच्या गावची एसटी पावसाळ्यात बंद असते, पण सवलत चालू असते.

आणि शेवटी जनुक-संपादन, म्हणजे आजाराच्या मुळाशी जाऊन जनुकांतच दुरुस्ती. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला उपचार, किंमत २२ लाख डॉलर. पाहुण्यांनी त्यावर दहा मिनिटं दिली. छान बोलले. खाली त्यांच्यासमोर तीच मुलगी बसली होती, डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी, स्वागतगीताच्या रांगेत. कळा कमी याव्यात म्हणून तिला रोज हायड्रॉक्सीयुरियाची एक कॅप्सूल लागते. पंधरा दिवसांच्या दिल्या. पुढच्या विचारल्या तर ‘स्टॉक नाही, चौकशी करत राहा’. कुठं करू चौकशी? जनुकांकडं?

बास झालं. मला आता हे उपरोधिक बोलणं जमत नाही.

साहेब, आम्ही आलो होतो. पुजाऱ्याकडं न जाता, चिखलातून, मोटरसायकलवर, कार्ड घेऊन, तुमच्याच दारात आलो होतो. तुम्हीच छापलेलं कार्ड तुमच्या डॉक्टरनं वाचलं नाही. ज्या बापानं रातोरात जंगल तुडवलं, त्याला तुम्ही ‘काय रे’ म्हणालात आणि वर खोटारडा ठरवलंत. असं वागवल्यावर पुढच्या वेळी तो आला नाही, तर ते तुम्ही अंधश्रद्धेच्या खात्यात लिहिणार. लाज वाटत नाही? पुजारी निदान त्याला बसायला सांगतो, त्याच्या भाषेत विचारतो, पोरीच्या कपाळावर हात ठेवतो. त्याच्याकडं औषध नाही, तुमच्याकडं आहे. मग द्या ना ते! आधी रिकाम्या जागा भरा, गोंडी येणारा एक माणूस खिडकीत बसवा, कॅप्सूल आणा. फेटे नंतर बांधा.

तिच्या डबीत आज चार कॅप्सूल उरल्यात. सोमवारी मी आणि तिचा बाप परत येतोय, आणि या वेळी ‘चौकशी करत राहा’ हे आम्हाला सही-शिक्क्यानिशी कागदावर लिहून हवंय.