कोरसबद्दल सहमत, बेटी कार्टरबद्दल नाही

अमेरिकन गायक रे चार्ल्स आणि जॅझ गायिका बेटी कार्टर यांच्या ‘रे चार्ल्स अँड बेटी कार्टर’ (१९६१) या अल्बमवर तुमचे तीन आक्षेप आहेत. स्टँडर्ड्सच्या (पुन्हापुन्हा गायल्या जाणाऱ्या जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या) नादी लागून चार्ल्सने सोल, म्हणजे गॉस्पेल-ब्लूजमधून आलेली त्याची शैली, सोडला. कोरस गोडमिट्ट आहे. आणि ‘बेटी बीबॉप’ म्हणून गाजलेली बाई इथे मोकळं स्कॅट (शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांत गाणं) करत नाही, म्हणजे फुकट गेली.

पहिला आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. १९५९च्या ‘द जीनियस ऑफ रे चार्ल्स’ची दुसरी बाजू स्ट्रिंग्जसह (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांसह) संथ बॅलड्सचीच होती, आणि १९६०मध्ये ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ पहिल्या क्रमांकावर गेलं तेही स्ट्रिंग्ज आणि कोरस घेऊनच; म्हणजे ही वाट आधीचीच.

तिसरा आक्षेप मला मुळीच पटत नाही. ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ या युगुलगीताची बांधणी पाहा. गीतकार-संगीतकार फ्रँक लेसरने तिची ओळ संपायच्या आत त्याची ओळ घुसेल असंच लिहिलंय. तिने दोन मात्रा रेंगाळायचं ठरवलं तर त्याचं उत्तर तिच्या पुढच्या शब्दांवर आदळणार. मोकळीक राहते ती जेमतेम अर्ध्या मात्रेची, आणि ती तेवढ्यातच खेळते. हेडफोन लावा, बेसच्या चार मात्रा मोजा, टाळी दुसरी आणि चौथीवर द्या. तिचे शब्द टाळीच्या जरा मागे पडतात, तरी ओळ वेळेवर संपते. लयीवर हुकमत असल्याशिवाय हे जमत नाही!

कोल पोर्टरच्या ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’मध्ये मेजरवरून मायनरकडे जाण्याचा उल्लेख येतो, तिथे साथीतली कॉर्डही तशीच बदलते: त्या कॉर्डच्या मूळ स्वराला षड्ज मानलं तर तिचा शुद्ध गंधार कोमल होतो. त्या जागी स्कॅट घातलं असतं तर तो उतरलेला अर्धा स्वर कुणाला ऐकूच आला नसता. शिवाय स्त्री-पुरुष जुगलबंदीत षड्जाची अडचण असतेच. दोघांना सोयीची पट्टी क्वचितच एक असते, त्यामुळे ओळी वाटून घ्याव्या लागतात आणि एकट्याने पसरायला जागा कमी उरते.

कोरसचं मात्र तुमचं बरोबर आहे, फक्त दोष गोडव्याचा नाही. रेलेट्स, म्हणजे चार्ल्सच्या साथीला गाणाऱ्या गायिका, त्याला प्रश्नोत्तरासारखं उत्तर द्यायच्या, चर्चमधल्या गॉस्पेलच्या रीतीने. इथले जॅक हॅलोरन सिंगर्स लांब, गुळगुळीत स्वर धरून बसतात. एकाची ओळ संपून दुसऱ्याची सुरू व्हायच्या मधली जी फट दोघांना श्वासासाठी आणि नजरानजरेसाठी हवी होती, तीच ते भरून टाकतात. संगीत-संयोजक मार्टी पेचच्या स्ट्रिंग्ज आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) ही फट सांभाळतात, म्हणून त्या खटकत नाहीत.