पाइन बोन्सायची मुळं धुऊ नका

पुण्यातल्या बोन्सायप्रेमींमध्ये एक सल्ला फिरतो आहे: जुन्या पाइनची कुंडी दरवर्षी पहिल्या पावसात बदला, पांढरी बुरशी जाईपर्यंत मुळं नळाखाली धुवा आणि त्याच दिवशी तार बांधून आकारही द्या. वड-पिंपळ यातलं बरंचसं सोसतात. मुरलेला जपानी ब्लॅक पाइन मात्र यात दगावू शकतो.

सगळ्यात घातक आहे ते धुणं. निरोगी मुळांवरचं कापसासारखं पांढरं जाळं म्हणजे रोग नव्हे, ती मायकोरायझा. पाणी आणि फॉस्फरस शोषायला ही बुरशी झाडाला मदत करते. नळाच्या धारेखाली ती जातेच, सोबत बारीक मुळंही तुटतात, आणि पाइनला नवी मुळं सावकाश फुटतात. त्यात सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, कित्येक आठवडे हिरव्या राहतात, त्यामुळे नुकसान उशिरा कळतं. काळी, मऊ, वास मारणारी मुळं कुजलेली असतात, तेवढी कापा. बाकी मुळं-मातीच्या गोळ्याचा तळ आणि कडा काठीने मोकळ्या करून फार तर एक-तृतीयांश मुळं काढा. खोडालगतची जुनी माती बदलायची असेल तर यंदा एकच बाजू, दुसरी पुढच्या खेपेला.

दरवर्षी कुंडी बदलायची गरजच नाही. तीन ते पाच वर्षं सहज जातात. पाणी वरच साचू लागलं किंवा गोळा कुंडीतून वर उचलला गेला, की वेळ झाली.

पुण्यात योग्य काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य: कोंब फुगलेले, नव्या सुया अजून मिटलेल्या. पावसाळ्यात कापलेली मुळं सतत ओली राहून कुजतात. काळी माती तर अजिबात नको. ३ ते ६ मिमी चाळलेले विटेचे तुकडे दोन भाग, जाडी वाळू एक भाग, धूळ पूर्ण काढून. झाड तारेने कुंडीला घट्ट बांधा. ते हललं तर नवी मुळं तुटतात. मिश्रण काठीने मुळांच्या पोकळीत भरा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

फांद्यांना आकार देण्याच्या तारकामाला मात्र किमान एक वर्ष थांबा. फांदी वाकवताना सालीखाली चिरा पडतात. त्या भरून काढायला लागणारी ताकद तुटलेल्या मुळांकडून मिळत नाही.

मुळं आधीच धुतली असतील तर झाड दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत, वाऱ्यापासून दूर ठेवा. सुयांवर पाणी फवारा, वरचा थर किंचित सुकल्यावरच कुंडीत पाणी घाला. नवे कोंब जोमाने वाढेपर्यंत खत आणि कात्री दोन्ही बंद.