एअर रायफलवर रेड डॉट: आधी रेल बघा
रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारं उपकरण, कसा निवडावा यावरच्या लेखात सगळा भर किंमत आणि ठिपक्याच्या आकारावर आहे. पण स्प्रिंगवाल्या एअर रायफलला आधी माउंट (रेड डॉट रायफलवर बसवायची पकड) बघा. तिच्यावर बहुधा ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची अरुंद रेल) असते, स्वस्त रेड डॉट बरेचदा पिकाटिनीचे (आडव्या खाचांच्या रुंद रेलसाठीचे). मग अ‍ॅडॉप्टर लागतो. स्प्रिंगचा झटका मागे बसतो तसा पुढेही, त्याने माउंट सरकतो आणि झिरो (जुळवून ठेवलेला नेम) हलतो. म्हणून स्टॉप पिनवालाच (सरकू न देणाऱ्या खिळीचा) माउंट घ्या, स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (ते ढिले होऊ न देणारा द्रव) लावा. ३ एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर जेमतेम ९ मिमी झाकतो, तेवढा पुरे. रत्नागिरी-मालवणकडे खरा त्रास ओलाव्याचा. रेड डॉट नायट्रोजन भरून सीलबंद केलेला नसेल तर पावसाळ्यात काच आतून धुरकटते, बाहेरून कितीही पुसा. वापर नसेल तेव्हा सीआर२०३२ सेल काढूनच ठेवा.