म्हापशाचा 'म्हा'

दुपारी जेवून आडवा होतोय तोच देवळाच्या कमिटीचे खजिनदार काका दारात उभे. गोव्यात या वेळेला कुणी कुणाच्या दारात जात नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. हातात जत्रेच्या वर्गणीची पावती. "पळय रे, हें कितें?"

गावाच्या रकान्यात छापलं होतं 'म्हापस' आणि त्यापुढे काळ्या शंकरपाळ्यात एक प्रश्नचिन्ह.

पावत्यांचा प्रोग्राम माझा, त्यामुळे हात झटकायची सोय नव्हती. फोंडा, पणजी, मडगाव, डिचोली, काणकोण, सगळी गावं सुखरूप. म्हापशाचा तेवढा शेवटचा काना गेलेला. धारबांदोडा तर 'धारबां'वरच संपला होता, पुढे शंकरपाळं. "आमच्या देणगीत काय खोट होती?" असं एका म्हापशेकरानं काकांना ऐकवलंही होतं.

खोट माझ्यात होती. रकाना मी 20 बाइटचा ठेवला होता. बाइट म्हणजे संगणकात जागा मोजायचं माप. मनात इंग्रजी अक्षरं, एका अक्षराला एक बाइट, म्हणजे 20 ऐसपैस! पण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, अक्षराचा पाय मोडणारी खूण, कुणीही दुसऱ्याच्या पानात जेवत नाही. म, पायमोड, ह, काना, प, स, काना. सात त्रिक एकवीस. एका बाइटनं म्हापसा बुडाला. शेवटच्या कान्याचे दोनच बाइट उरले, त्यांचा अर्थ लागेना, म्हणून संगणकानं शंकरपाळं वाढलं.

"सात कुठली? म्हापशात अक्षरं तीन," काका म्हणाले. "पहिलीतलं पोर सांगेल."

प्रोग्राम ज्या संगणकी भाषेत लिहिला होता, त्या पायथनला 'म्हापसा'ची लांबी विचारली. तो सात म्हणाला. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पायथन मीच लिहिलाय.

रकाना वाढवला आणि देणगीदारांची यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, करून काकांना पाठवली. त्यांनी ती एक्सेलात उघडली आणि फोन केला, "यादी पोर्तुगीज केलीस?"

अगदीच चूक नव्हतं. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट 224. यूटीएफ-8 आहे हे न कळल्यानं विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतनातून तो वाचला, की डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए दिसतो, आणि पोर्तुगीजांना तो ए लागतोच. 1961 साली गेलेले पाहुणे माझ्या फाइलीत दर अक्षरागणिक परतले होते. वर कहर म्हणजे 'वर्गणी'तली दीर्घ वेलांटी. तिच्यातून तो ए, मग येनचं चिन्ह, मग युरोचं!

"परकीय चलनाचा हिशेब मी ठेवणार नाही," काकांनी बजावलं.

त्यावर उपाय सोपा निघाला. फाइलीच्या कपाळावर तीन बाइटचा टिळा लावून जतन करायची, मग एक्सेल तिला ओळखतं. हे शोधण्यात माझी एक अख्खी रात्र गेली, ते काकांना सांगितलं नाही.

उरली पावती. कागद अरुंद, लांब नावं मावेनात, तेव्हा गावाचं पहिलंच अक्षर छापू म्हटलं. पायथननं म्हापशाला 'म' दिला. मडगावलाही 'म'. म्हापसा आणि मडगाव यांना एका 'म'त कोंबून गोव्यात कुणी सुखानं राहू शकत नाही. अक्षरगट ओळखणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घातली, तर तिनं 'म्' दिला, पाय मोडलेला. आवृत्ती जुनी होती. जोडाक्षर फोडू नये हा नियम युनिकोडनं, म्हणजे सगळ्या लिप्यांना संगणकी क्रमांक देणाऱ्या प्रमाणानं, 15.1 या आवृत्तीत घातला, तो 2023 साली! नवी आवृत्ती घातली तेव्हा कुठे 'म्हा' असा सबंध 'म्हा' पडद्यावर उमटला.

मी धावत देवळात गेलो. काका चौकात कार्बन घातलेलं जुनं पावतीपुस्तक घेऊन बसले होते. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुस्तकाची मागची पानं उलटून दाखवली. निळ्या अक्षरांत, ओळीनं:

म. – 101 रु.
म्हा. – 51 रु.
म्हा. – 101 रु.