इनामगावची चौकोनी घरं गोल का झाली?

आधी भटके शिकारी, मग शेतकरी, मग शहरवाले. संस्कृती अशी पायरीपायरीने वर चढते, हे शाळेतल्या तक्त्यातून डोक्यात बसलेलं काही जात नाही. असं मानणाऱ्यांनी एकदा इनामगावचं उत्खनन नीट वाचावं.

शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं हे पांढरीचं (म्हणजे जुन्या, मोडलेल्या वस्तीच्या मातीचं) टेकाड. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं काम. वस्तीचे थर तीन, तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या ताम्रपाषाण काळातल्या संस्कृतींच्या नावाने ओळखले जाणारे: माळवा (इ.स.पू. 1600–1400), पूर्व जोर्वे (1400–1000), उत्तर जोर्वे (1000–700). मधल्या थरात ऐसपैस चौकोनी घरं, पाच खोल्यांचा एक वाडाच म्हणा, त्याला लागून धान्याचं कोठार, शिवाय पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. जव हे मुख्य पीक. म्हणजे माणसं कामाला लावणारा आणि धान्यावर हात ठेवून बसलेला कुणीतरी होता. आणि वरच्या थरात? लहान गोल झोपड्या, शेती आटलेली, भिस्त शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर.

याला ‘अधोगती’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मुळात ही झोपडी सापडते कशी, ते बघा. लाकूड कुजून जातं, खांबाचा खळगा तेवढा उरतो. त्यातली माती भोवतीपेक्षा सैल आणि वेगळ्या रंगाची. खळगे जोडत गेलं की गोल उमटतो. इथेच घोळ होतो. एक गोल म्हणजे एक कुटुंब धरलं की गाव कागदावर फुगतं. तीन-चार गोल एका अंगणाभोवती असतील, एकात चूल आणि दुसऱ्यात साठवण असेल, तर ते एकच बिऱ्हाड.

दुसरी खोड खापरांची. भांडी बदलली की ‘नवे लोक आले’ असं ठोकून द्यायचं. इनामगावात याला उत्तर घराच्या जमिनीखाली मिळतं. दगावलेलं मूल दोन कुंभांत ठेवायचं, कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे, उत्तर-दक्षिण, राहत्या घरातच पुरायचे. चौकोनी घरातही हेच, गोल झोपडीतही हेच. चूल, छप्पर, पोटापाण्याचा धंदा सगळं पालटलं, पण मूल पुरायची रीत टिकली. माझ्या मते लोक तेच होते, याचा यापेक्षा भक्कम पुरावा खापरांत शोधूनही मिळणार नाही.

बदल का झाला? ढवळीकरांचं उत्तर: पाऊस घटला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या, आणि एकट्या पावसावर सगळा भार टाकणं मलाही पटत नाही. कोठारावर हुकमत असलेली व्यवस्था मोडायला दुष्काळच लागतो असं थोडंच आहे? शिवाय मुलांचे सांगाडे एका सुरात बोलत नाहीत. दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे, म्हणजे तान्हेपणी सोसलेल्या आबाळीची खूण, उत्तर काळात कमी झाले. हाडांची वाढ मात्र त्याच काळात खुंटलेली दिसते. दात आणि हाडं वेगवेगळ्या वयातलं पोषण नोंदवतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. नुसते दात बघणारा भटकेपणाची भलामण करतो, नुसती हाडं बघणारा दुष्काळाकडे बोट दाखवतो.